पाहुणा आला की भाषा बदलणारं घर

मित्रांनो, माणूस तोंडाने काहीही सांगो, बसताना त्याला खोटं बोलता येत नाही. राग आलेली बाई अगदी कडेला टेकते, सुखावलेली पसरून बसते आणि काही लपवत असलेली सारखी जागा बदलते. हे ज्ञान मला कोणी शिकवलं नाही. मी एक जुना बाक आहे आणि सत्तरहून जास्त वर्षं लोक माझ्यावर बसत आले आहेत, एवढंच.

माझी फळी लिंडनच्या झाडाची, पाय ओकचे. हांद्री नावाच्या सुताराने मला एका हिवाळ्यात घडवलं. सहा बायका माझ्यावर ऐसपैस मावतात, सात कुरकुरत मावतात, आणि लग्नाच्या दिवशी नऊ जणी मी स्वतः सोसल्या आहेत. गावाने माझं कौतुक केलं होतं. हांद्री एवढंच म्हणाला, "बाक काय, कोणीही करील. याच्यावर बसून गप्प राहणारी बायको कुठे मिळेल ते सांगा."

आमचं गाव जर्मनीच्या पूर्व टोकाला, बुदिशीन शहराच्या पश्चिमेला. गावात आम्ही सोर्ब, आमची भाषा वेगळी, पोलिश-चेकच्या नात्यातली. बाहेर पडलं की शहर जर्मन, कचेरी जर्मन, दवाखाना जर्मन, रेल्वेही जर्मन. भरल्या ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ असावं, तेवढे आमचे लोक. मी ज्या स्वयंपाकघरात उभा होतो तिथे मात्र सोर्ब भाषाच चालायची, आणि मला दुसरं काही काम नसल्यामुळे मी ती लक्ष देऊन ऐकत आलो.

भाषा कशी बदलते हे पाहायचं असेल तर मित्रांनो, एका जागी उभं राहावं लागतं. मी नवा होतो तेव्हा घरची म्हातारी म्हणायची, "पाव टेबलावर ठेव." संपलं. तिची सून वोर्शा म्हणू लागली, "तो पाव त्या टेबलावर ठेव." घरात टेबल एकच, पाव एकच, मग 'तो' आणि 'त्या' कशाला? मला मोठं कुतूहल वाटायचं. पुढे उलगडलं. जर्मन माणसाला प्रत्येक वस्तूच्या पुढे एक छोटा शब्द चालवावा लागतो, राजाच्या पुढे चोपदार चालतो तसा. आमच्याकडे चोपदार नव्हता. पण शेजारच्या घरी रोज पाहिलं की आपल्याही दारात असावासा वाटतो. मग साधं बोट दाखवण्याचं काम करणाऱ्या 'तो-ती-ते'ला आमच्या बायकांनी चोपदाराची वर्दी चढवली.

आणखीही पुष्कळ आहे. आमच्या भाषेत एकाबद्दल वेगळं बोलतात, पुष्कळांबद्दल वेगळं, आणि नेमक्या दोघांबद्दल तिसरंच. जर्मनमध्ये असं काही नाही, म्हणून तरुण मंडळींच्या तोंडून दोघांचं रूप कधीकधी निसटायचं. एखादं जोडपं पुष्कळांचं रूप वापरून "आम्ही निघतो" म्हणालं, की म्हातारी विचारायची, "आणखी कोण कोण येतंय तुमच्याबरोबर?"

गावात शिकलेली माणसं होती. त्यांना हे सगळं बिघडणं वाटायचं. शाळेतले गुरुजी म्हणत की ही भाषा नव्हे, खरकटं आहे. म्हणून बायकांनी दोन भाषा ठेवल्या. एक रविवारची. चर्चमधली, पुस्तकातली, इस्त्रीची. दुसरी रोजची, ठिगळं लावलेली. शिकलेलं माणूस दिसलं की रोजची टेबलाखाली लपायची.

आणि जर्मन माणूस दिसला की दोन्ही लपायच्या. हा आमचा रिवाज. पाच सोर्ब बसलेले असोत, सहावा जर्मन आला की सहाही जण जर्मन बोलणार. त्याला न कळणारं त्याच्यासमोर बोलणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, असं आमचे लोक मानतात. यात थोडी रीत होती, थोडी भीतीही. मधली काही वर्षं सरकारनेच ही भाषा दडपली होती, ती रस्त्यावर ऐकू येणंही बरं नव्हतं. ती वर्षं सरली, सवय राहिली. अर्धं वाक्य सोर्बमध्ये, दाराची कडी वाजली, उरलेलं अर्धं जर्मनमध्ये, असं मी इतक्यांदा ऐकलं आहे की मोजायचं सोडून दिलं.

मग वोर्शाच्या धाकट्या मुलाने, बेनोने, लग्न करून गुद्रूनला आणलं. गुद्रून जर्मन.

बेनो ग्रॅनाइटच्या खाणीत कामाला, गुद्रून खाणीच्या खानावळीत होती. मुलगी चांगली, हाताला चपळ, वोर्शाला ती आवडली होती. पण त्या दिवसापासून स्वयंपाकघरातली भाषा बदलली. पाहुण्याला खुर्ची द्यायची असते, म्हणून गुद्रूनला खुर्ची मिळाली, खिडकीजवळची. तीन वर्षं ती त्याच खुर्चीत बसली. तीन वर्षं सगळे तिच्याशी गोड जर्मन बोलले. ती बाहेर गेली की सोर्ब सुरू, आत आली की बंद. बिचारीला वाटत असणार, या घरात आपण पाय ठेवला की काहीतरी विझतं.

एक गोष्ट मात्र मलाच ठाऊक होती. घरात कोणी नसलं की गुद्रून माझ्या टोकावर येऊन बसायची आणि ओठ हलवायची. "तो पाव. ती बादली. ते... ते... कोंबडं." भिंतीपलीकडून, जिन्यावरून, गोठ्याच्या दारातून ऐकलेलं ती माझ्यावर बसून घोटायची. चुकली की स्वतःच कपाळाला हात लावायची. कडी वाजली की उठून खुर्चीत. मी बाक. सांगणार कोणाला?

त्या वर्षी गुद्रूनला दिवस गेले. घरात आनंद झाला आणि वोर्शा माझ्या कडेला टेकून बसू लागली. शेजारच्या लेयनाच्या नजरेतून ते सुटलं नाही. लेयना दूध डेअरीत काम करायची, आणि तिची जीभ विरजण लावल्याशिवायच आंबट होती.

"नातवंड येतंय, आणि तुझं तोंड असं का गं?"

"येतंय ना. पण मी त्याच्याशी बोलू कशी?" वोर्शा म्हणाली. "ते माझ्या मांडीवर, त्याची आई समोर खुर्चीत. तिला न कळणारं तिच्याच लेकराशी बोलायचं? बरं दिसतं का ते?"

"मग जर्मन बोल. येतंय की तुला."

"बोलेन. मांडीवर बसून मला परकं होईल, एवढंच."

 

बाळाच्या दुलईसाठी पिसं सोलायची ठरली. हे आमच्याकडचं हिवाळ्यातलं काम. घरच्या हंसांची पिसं टेबलावर ढिगाने ओतायची, बायकांनी भोवती बसायचं, आणि एकेका पिसाची मधली काडी टाकून दोन्ही बाजूंचा मऊ भाग ओढून काढायचा. यात एकच कायदा आहे. दार उघडायचं नाही. खिडकी नाही, शिंक नाही, मोठ्याने हसणंही नाही. वाऱ्याची एक झुळूक, आणि आठवड्याचं काम छताला. गावात एखादीला मूर्ख म्हणायचं असेल तर लोक म्हणतात, पिसं सोलताना दार उघडणारी.

त्याच सुमाराला लेयनाची भाची हांझा आली. लाइपझिगला विद्यापीठात शिकत होती. बरोबर एक जड पेटी आणली होती, तिच्यावर दोन चक्रं फिरायची.

"मावशी, तुम्ही कशा बोलता ते मला ध्वनिमुद्रित करायचंय," ती म्हणाली.

आमच्या रोजच्या भाषेत याला 'वर घेणं' म्हणतात. जर्मन शब्दाचे तुकडे जसेच्या तसे आमच्या शब्दांत बसवलेले. लेयनाने पेटीकडे संशयाने पाहिलं. "आम्हाला वर घेणार? पुष्कळ घाई आहे तुला. वरचा आम्हाला घेईलच की वेळ आल्यावर."

शनिवारी दुपारी पाच जणी माझ्यावर बसल्या. चक्रं फिरू लागली. आणि काय सांगू मित्रांनो, पाचही जणी अशा ताठ बसल्या की माझ्या फळीला वाटलं, आज दफनविधी आहे.

"आपल्या पूर्वजांच्या परंपरेनुसार," वोर्शा पेटीला उद्देशून म्हणाली, "शीतकाली हंसांची पिसे विलग करण्यात येतात."

"होय," लेयना म्हणाली. "आणि ती अत्यंत मृदू असतात."

 थोड्या वेळाने ठरलेली कॉफीची सुट्टी झाली. ढिगावर चादर टाकली आणि गुद्रून कॉफी न् खसखशीचा केक घेऊन आत आली. त्या क्षणी पाचही जणी एका सुरात जर्मन झाल्या. "अगं कशाला उचललंस एवढं? बस बस, खुर्ची घे."

संध्याकाळी हांझाने ऐकून पाहिलं. निम्मी चर्चमधली सोर्ब, निम्मी जर्मन. ती वोर्शाजवळ येऊन बसली.

"मावशी, हे नको होतं मला. तुम्ही कोंबड्यांवर ओरडता ना, ते हवंय."

"ती काय भाषा आहे? चुलीजवळचं फडकं आहे ते. फडकं कोणी विद्यापीठात नेतं?"

"मला फडकंच हवंय."

वोर्शा हसली, पण मान्य करेना. मग हांझाने दुसरा उपाय काढला, आणि तो जरा अवघडतच सांगितला. "पुढच्या शनिवारी गुद्रूनताई तासभर वर बसल्या तर? त्या आल्या की सगळ्यांची भाषा बदलते. अंगवळणी पडलंय."

वोर्शाने माझ्यावर दोनदा जागा बदलली. तिसऱ्यांदाही बदलली. "सांगते," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिने गुद्रूनला जर्मनमध्ये सांगितलं, "सूनबाई, सातवा महिना आहे, तू जरा वर जाऊन पड. कॉफी मी बघते." आवाज मधासारखा होता. गुद्रूनने सासूकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. मी चारच ऐकल्या.

आत पुन्हा तेच. "पूर्वी ग्रामातील कन्या एकत्र जमत असत," लेयना पेटीला सांगत होती. हांझा पेन्सिल चावत होती. ढीग एवढा मोठा झाला होता की पलीकडून पाहिलं तर बायकांचे फक्त डोक्यावरचे रुमाल दिसावेत.

आणि दार उघडलं.

हळूच नाही. सताड. अंगणातला जानेवारीचा वारा जिन्याखालून आत घुसला आणि टेबलावरचा तो अख्खा पांढरा डोंगर उठून उभा राहिला.

"दार! अगं ते दार!"

"ती चादर टाक! ती चादर कुठेय!"

"त्या चुलीकडे चालली ती, मेली ती सगळी त्या चुलीकडे चालली!"

"तोंड मिट लेयना, त्या फुंकरीने आणखी उडतायत!"

"मी फुंकते का? हा तो वारा फुंकतोय!"

फडकं न् फडकं बाहेर आलं. पूर्वजांची परंपरा कोणाला आठवली नाही. आणि पेटीची चक्रं शांतपणे फिरत होती.

दारात गुद्रून उभी. केसांवर पिसं, एक हात पोटावर. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि बोलली. सोर्बमध्ये.

"ती दार मी लावते. पण मी आत. ही पिसं ती माझ्या बाळाची. ते बाळ इथे," पोटावर तिने हात थोपटला, "आणि त्या बाळाची आई त्या जिन्यात. तीन वर्षं मी त्या जिन्यात. असं का?"

सगळ्या बायका जागच्या जागी थांबल्या. पिसं तेवढी उतरत होती.

आधी लेयना सावरली. "अगंबाई, तुला आपली भाषा येते? मग सांगायचं नाही का?" ती म्हणाली. जर्मनमध्ये म्हणाली. जीभ तशी वळलेली, ती बिचारी काय करणार. गुद्रूनचा चेहरा पडला. आता सगळं वोर्शावर होतं. मला माहीत होतं, आणि मला वाटतं खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं, की वोर्शा आता जे बोलेल ते ज्या भाषेत बोलेल, त्या भाषेत हे मूल वाढेल.

वोर्शाने तोंड उघडलं. जर्मन शब्दाचा पहिला आवाज तिच्या ओठांवर आलाही. तो मी ओळखतो, चाळीस वर्षं ऐकलाय. मग ती थांबली. तिच्या भुवईवर एक पीस येऊन बसलं होतं. ते तिने चिमटीत धरून काढलं, उगाचच नीट न्याहाळलं, आणि सुनेकडे बघत चुलीजवळच्या भाषेत म्हणाली,

"ती दार नाही. ते दार. लाव आधी. आणि ये, बस."

माझ्यावरच्या पाचही जणी सरकल्या. गुद्रून बसली, अगदी मधोमध. पोटातल्यासकट मी सात मोजले.

मग जी बडबड सुरू झाली ती काय वर्णावी. अर्धी पिसं जमिनीवरून गोळा करायची होती, त्यामुळे भांडायलाही पुष्कळ विषय होते. गुद्रून तुटक बोलायची, अडायची, पण बोलायची. थोड्या वेळाने लेयना थांबून ऐकू लागली.

"अगं, ही तर हुबेहूब वोर्शा बोलते. त्याच 'तो-ती-ते'ची वरात. जर्मन सून, म्हणून जर्मन वळण, असं म्हणावं तर वळण सासूचं."

"मी असं बोलते?" वोर्शा म्हणाली.

 हांझाने पेटीची चक्रं उलटी फिरवली आणि ऐकवलं. *ती चादर टाक! ती चादर कुठेय!*

वोर्शाने मान पुढे काढून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. "ही मी?"

"तुम्हीच, मावशी."

"मग गेल्या शनिवारी पिसे विलग करत होती, ती बाई कोण?"

त्यावर पिसं सोलतानाचा उरलासुरला कायदाही मोडला. सगळ्या मोठ्याने हसल्या.

हांझाने तेव्हा एक गमतीची गोष्ट विचारली. "मावशी, घरात पाव नाही. मला दुकानातून आणायला सांगा बरं."

"पाव घेऊन ये."

"आता तो आणलाय. कापायला सांगा."

"तो पाव काप."

"पहिल्यांदा 'तो' का नाही लावला?"

वोर्शाने तिच्याकडे अशी नजर टाकली, जणू विद्यापीठात मुलींना एवढंही शिकवत नाहीत. "जो पाव अजून घरात आलाच नाही, त्याला 'तो' कसं म्हणेन मी?"

"बघा," हांझा म्हणाली. "गुरुजी याला खरकटं म्हणत. पण तुम्ही एकदाही चुकला नाहीत. शब्द आपलाच जुना, चाल शेजाऱ्याची, आणि शिस्त तुमची स्वतःची. मला हेच शोधायचं होतं."

 वोर्शा पाठ टेकवून बसली. माझ्यामागे पाठ टेकवायला भिंत होती, आणि कित्येक महिन्यांत तिला तिची आठवण झाली नव्हती.

मुलगी झाली, वसंतात. नाव ठेवलं मिल्का. दुलई जरा पातळ झाली, कारण बरीच पिसं चुलीत गेली होती. आजी तिच्याशी पहिल्या दिवसापासून सोर्ब बोलली, आई समोर असताना बोलली, आणि आईने मधेमधे तोंड घातलं. सगळंच गोड झालं असं मी म्हणणार नाही. बेनोला बायकोशी सोर्ब बोलायला काही केल्या जमलं नाही. "ज्या भाषेत मागणी घातली तिच्यात भांडूही द्या मला," असं तो म्हणायचा. पोस्टमन दारात आला की आमचं घर अजूनही जर्मन होतं. मिल्काच्या बोलण्यात तर आजीने कधी ऐकली नव्हती अशी नवी ठिगळं आहेत. वोर्शा ती टिपते, नाक मुरडते आणि आठवड्याभरात स्वतः वापरू लागते.

माझी गोष्ट थोडी उरली आहे. बेनोने नवं स्वयंपाकघर केलं. त्यात गादी लावलेली कोपऱ्याची बैठक आली, आणि मी आधी कोठारात गेलो, मग अंगणात भिंतीखाली. दोन हिवाळे कोंबड्या माझ्याखाली अंडी घालत होत्या. त्यांच्या बोलण्यात मला काही बदल आढळला नाही. एका पायाला ओल लागली आहे. कोणी मनावर घेऊन तो बदलला तर माझी हरकत नाही. नवा पाय दुसऱ्या लाकडाचा असला तरी चालेल. बाक बाकच राहतो, बसणारे असले म्हणजे झालं.

मित्रांनो, वस्तू न वापरल्याने खराब होते. भाषा वापरल्याने झिजते खरी, आकार बदलते, शेजाऱ्याचं काही उचलते. पण मी ती बदलताना पाहिली आहे आणि गप्प होतानाही पाहिली आहे, आणि भीती मला तिच्या गप्प होण्याची वाटली. आमचे लोक वाईट नव्हते. पाहुण्याचा मान राखता राखता त्यांनी सून तीन वर्षं जिन्यात ठेवली होती, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. तेव्हा तुमच्या घरी कोणी तुमच्या भाषेत पहिलं वाकडंतिकडं वाक्य घेऊन आलं, तर खुशाल हसा, चूकही दाखवा. फक्त उत्तर त्याच भाषेत द्या.